कप्तान बाहेर असताना

(महाविद्यालयाच्या जिमखाना विभागाच्या पारितोषिक वितरण समारंभात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पारितोषिक वितरणाच्या दिवशी पाहुण्याने दोन शब्द बोलावेत, अशी प्रथा आहे. ते दोन शब्द बहुधा ठरलेले असतात. खेळाने शरीर सुदृढ होते, मन खंबीर होते, हार पचवण्याची सवय लागते, हे तुम्ही दरवर्षी ऐकता आणि ते खरेही आहे. तेव्हा तेच पुन्हा सांगून मी तुमचा वेळ घेणार नाही. आज मी एका महाविद्यालयीन बास्केटबॉल संघाची हकीकत सांगणार आहे. ती दूरची, अमेरिकेतली आहे आणि १९९९-२००० या हंगामातली आहे. पण ती ऐकताना एक प्रश्न मनात ठेवा. संघाचा सर्वांत चांगला खेळाडू जायबंदी होऊन मैदानाबाहेर गेला, तर उरलेल्यांनी काय करायचे? हा प्रश्न केवळ बास्केटबॉलचा नाही, हे तुमच्या लक्षात येईलच.

बास्केटबॉल हा आपल्याला परका खेळ नाही. १८९१ सालच्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकाने तो शोधून काढला. बाहेर कडाक्याची थंडी, मुले व्यायामशाळेत कोंडलेली आणि कवायतीला कंटाळलेली. नेस्मिथने पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाला ठोकल्या, तेरा नियम लिहून भिंतीवर लावले आणि एकेका बाजूला नऊ-नऊ मुले उभी केली. पुढे वाय.एम.सी.ए.च्या मार्फत हा खेळ आपल्या देशात आला. मुंबईत तर नागपाडा आणि बास्केटबॉल ही नावे जोडीनेच घेतली जातात. तिथल्या दाट वस्तीतून, चिमुकल्या मैदानावरून भारताच्या संघापर्यंत पोहोचलेले खेळाडू निघाले. त्यांतल्या अब्बास मुन्तसिर यांना १९७० सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या मोहल्ल्यातल्या मैदानाला बच्चू खान या प्रशिक्षकाचे नाव आहे. मैदानाला खेळाडूऐवजी शिकवणाऱ्याचे नाव मिळावे, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. तिचा संदर्भ पुढे येईल.

ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एका संघाचे पाच खेळाडू मैदानात असतात. जमिनीपासून दहा फूट उंचीवर लोखंडी कडे आणि त्याला जाळी. त्या कड्यातून चेंडू खाली पडला की दोन गुण, ठरावीक अंतराच्या रेषेबाहेरून टाकला तर तीन. अमेरिकेतील महाविद्यालयीन पुरुषांच्या सामन्यात वीस-वीस मिनिटांचे दोन डाव असतात. खेळाडू कितीही वेळा बदलता येतात, म्हणून बाकावर बसलेले राखीव खेळाडू शोभेपुरते नसतात. पाचांपैकी एकाला पॉइंट गार्ड म्हणतात. चेंडू पुढे आणायचा, कोण मोकळा आहे ते हेरायचे आणि त्याच्या हातात चेंडू नेमक्या क्षणी द्यायचा, हे त्याचे काम. नावाड्याच्या हाती सुकाणू असते, तसा संघ याच्या हाती असतो. म्हणूनच तो पडला की नाव भोवऱ्यात सापडते.

आता संघाची ओळख. मिशिगन राज्यात ईस्ट लॅन्सिंग येथे मिशिगन स्टेट विद्यापीठ आहे. १८५५ साली ते शेतकी महाविद्यालय म्हणून स्थापन झाले. याच विद्यापीठाने १९७९ साली मॅजिक जॉन्सन या असामान्य खेळाडूच्या जोरावर राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले होते. त्यानंतर वीस वर्षे ते पद पुन्हा हाती आले नव्हते. १९९५ पासून टॉम इझो हे मुख्य प्रशिक्षक होते. त्याआधी अनेक वर्षे ते याच संघात साहाय्यक म्हणून राबले होते.

संघाचे तीन प्रमुख खेळाडू एकाच गावचे होते: मटीन क्लीव्हज, मॉरिस पीटरसन आणि चार्ली बेल. त्या गावाचे नाव फ्लिंट. फ्लिंट म्हणजे गारगोटी, आणि हे पोरही तसेच, म्हणून लोक कौतुकाने त्यांना 'फ्लिंटस्टोन्स' म्हणत. १९०८ साली जनरल मोटर्स ही कंपनी याच फ्लिंटमध्ये स्थापन झाली. १९३६-३७ सालचा, कारखान्यातच ठाण मांडून बसलेल्या मोटार कामगारांचा प्रसिद्ध संप इथलाच. १९७८ च्या सुमारास या एका कंपनीत फ्लिंट परिसरातली जवळजवळ ऐंशी हजार माणसे कामाला होती. मग एकेक कारखाना बंद होत गेला आणि १९९९ सालच्या जून महिन्यात ब्यूइक मोटारींचा तिथला प्रचंड कारखानाही थांबला. गिरणीचा भोंगा बंद झाला की चाळीत काय होते, हे मुंबईच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. अशा गावाला आपल्या तीन मुलांचा केवढा आधार वाटत असेल, याची कल्पना तुम्ही करू शकता.

या तिघांत मटीन क्लीव्हज हा पॉइंट गार्ड आणि कप्तान. १९९८ आणि १९९९ अशी लागोपाठ दोन वर्षे तो 'बिग टेन' या आपल्या विभागातला सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला होता. १९९९ साली संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि तिथे ड्यूक विद्यापीठाकडून ६८-६२ असा हरला. क्लीव्हजला त्याच वेळी व्यावसायिक संघात जाता आले असते. हाती पैसा येणार होता, नाव तर झालेच होते. पण त्याने चौथे वर्षही महाविद्यालयातच खेळायचे ठरवले. अपुरे राहिलेले काम पुरे करायचे, एवढाच त्याचा हिशेब.

आणि नेमके हंगामाच्या तोंडावर त्याच्या उजव्या पायाच्या हाडाला तडा गेला. एकदम पडून मोडलेले हाड वेगळे आणि हा तडा वेगळा. त्याच जागी पुन्हा पुन्हा भार पडून हाडाला केसाएवढी चीर पडते. दिसायला लहान, पण धावू दिले तर वाढत जाणारी. तिला औषध एकच, विश्रांती. क्लीव्हज पहिल्या तेरा सामन्यांना मुकला.

मित्रहो, या तेरा सामन्यांकडे मी तुमचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. संघ कोलमडला नाही. नॉर्थ कॅरोलायना आणि कॅन्सससारख्या मातबर संघांना त्याने हरवले. पण टेक्सास, ॲरिझोना आणि केंटकी यांच्याकडून हारही खाल्ली. सर्वांत जिव्हारी लागणारी हार ३० डिसेंबर १९९९ ची. राइट स्टेट या तुलनेने अगदीच लहान संघाने त्यांना ५३-४९ असे नमवले. तेरा सामन्यांत नऊ विजय, चार पराभव. ज्या संघाकडून अजिंक्यपदाची अपेक्षा होती त्याच्या बाबतीत हे चार पराभव म्हणजे नाचक्कीच.

पण त्या काळात मैदानात काय चालले होते? क्लीव्हजच्या जागी सुकाणू धरायला चार्ली बेल पुढे आला. ती त्याची नेहमीची जागा नव्हती. चेंडू पुढे नेणे, प्रतिपक्षाचा दबाव सोसणे, दुसऱ्याला मोकळा करणे, हे सर्व तो चुकतमाकत शिकत होता. मॉरिस पीटरसन आदल्या वर्षी बहुतेक वेळा राखीव म्हणून उतरत असे. आता गुण मिळवण्याचा मुख्य भार त्याच्यावर आला आणि तो त्याने इतका पेलला की त्या हंगामात विभागातला सर्वोत्कृष्ट खेळाडू तोच ठरला. ए. जे. ग्रेंजर हा उंच खेळाडू दुरून नेम धरू लागला. बाकावरच्या मुलांना पूर्वी दोन-चार मिनिटे मिळत, आता अधिक मिळू लागली. वर्तमानपत्रांत लोक निकाल वाचत होते. निकालामागे एक तालीम चालली होती, तिची बातमी कोणी छापली नाही.

क्लीव्हज जानेवारी २००० मध्ये परतला. सुरुवातीला तो अडखळत खेळला. मग लय सापडली. ४ मार्च २००० रोजी मिशिगन विद्यापीठाविरुद्ध, म्हणजे शेजारच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याविरुद्ध, त्याने एका सामन्यात वीस 'असिस्ट' दिले. असिस्ट म्हणजे ज्या पासवर लगेच दुसऱ्याने बास्केट केली तो पास. संघाचे एकूण गुण ११४, प्रतिपक्षाचे ६३. जो कप्तान स्वतः नेम धरू शकतो, तो वीस वेळा दुसऱ्याच्या हातून बास्केट करवतो, यात त्याच्या स्वभावाची सारी ओळख आहे.

यानंतर राष्ट्रीय स्पर्धा. तिचा नियम कठोर असतो. त्या वर्षी चौसष्ट संघ, हरला तो घरी. सलग सहा सामने जिंकले तर अजिंक्यपद. पहिल्या फेरीत व्हॅल्परेझो विद्यापीठ ६५-३८ असे हरले, दुसऱ्या फेरीत युटा ७३-६१ असे. पण तिसऱ्या फेरीत सिरॅक्यूजपुढे कसोटी लागली. मध्यंतराला मिशिगन स्टेट २४ आणि सिरॅक्यूज ३४. दहा गुणांची पिछाडी. मध्यंतरात क्लीव्हजने आपल्याच सहकाऱ्यांची चांगली हजेरी घेतली, असे सांगतात. दुसऱ्या डावात गुण बरोबरीत आले, ५८-५८. त्यापुढे सिरॅक्यूजला एकही गुण मिळू दिला नाही आणि स्वतः लागोपाठ सतरा मिळवले. अंतिम गुणसंख्या ७५-५८.

चौथ्या फेरीत आयोवा स्टेट. शेवटची सुमारे सहा मिनिटे उरली असता पुन्हा सात गुणांची पिछाडी. पुन्हा तेच. घाई नाही, आरडाओरडा नाही, एकेक चेंडू जपून. निकाल ७५-६४. उपांत्य सामना विस्कॉन्सिनशी झाला. तो इतका चिवट की मध्यंतराला दोन्ही संघांचे मिळून गुण अवघे ३६: १९-१७. दुसऱ्या डावात पीटरसनने बाजू सावरली आणि सामना ५३-४१ असा सुटला.

३ एप्रिल २००० रोजी इंडियानापोलिस येथे अंतिम सामना झाला. प्रतिपक्षी फ्लोरिडा विद्यापीठ. त्यांचा संघ तरुण आणि चपळ. संपूर्ण मैदानभर प्रतिस्पर्ध्याला दाबून धरायचे, त्याला दम घेऊ द्यायचा नाही आणि बाकावरचे ताजे गडी सतत उतरवत राहायचे, ही त्यांची रीत. क्लीव्हजने पहिल्या डावात ही कोंडी उत्तम फोडली. मध्यंतराला मिशिगन स्टेट ४३, फ्लोरिडा ३२. पण दुसरा डाव सुरू होताच फ्लोरिडा चवताळून उठली. अकराची आघाडी सहावर आली: ५०-४४. सोळा मिनिटांहून थोडा अधिक खेळ बाकी होता.

याच वेळी क्लीव्हज चेंडू घेऊन बास्केटकडे धावला. फ्लोरिडाच्या खेळाडूशी त्याची टक्कर झाली, पाय वेडावाकडा पडला आणि घोटा मुरगळला. तो जमिनीवर कळवळत पडला. त्याला आधार देऊन आत नेण्यात आले. ज्याने चौथे वर्ष याच दिवसासाठी राखून ठेवले होते, तो सामना चालू असताना आतल्या खोलीत डॉक्टरपुढे पाय पुढे करून बसला. बाहेर चाळीस हजारांवर प्रेक्षक, अंगावर येणारा प्रतिपक्ष आणि सुकाणूवर कोणी नाही.

मी मघाशी जो प्रश्न मनात ठेवायला सांगितला होता, तो इथे आला. उरलेल्यांनी काय केले?

त्यांनी नवीन काहीच केले नाही. डिसेंबरात जे करत होते तेच केले. चार्ली बेलने चेंडू हाती घेतला. दबाव आला की तो एकट्याने फोडू पाहायचा नाही, दोन-तीन छोट्या पासांनी पार करायचा, हे त्यांच्या अंगवळणी पडलेले होते. पीटरसन आणि ग्रेंजर मोकळ्या जागा हेरत राहिले. बाकावरून आलेल्या मुलांनी आपली मिनिटे चोख भरून काढली. सुमारे साडेचार मिनिटांनी क्लीव्हज पायाला घट्ट पट्टी बांधून लंगडत बाहेर आला तेव्हा आघाडी घटलेली नव्हती, उलट वाढली होती. पुढे ती वाढतच गेली. अंतिम गुणसंख्या ८९-७६. पीटरसनचे २१ गुण, ग्रेंजरचे १९, क्लीव्हजचे १८. सहाच्या सहा सामने मिशिगन स्टेटने दहाहून अधिक गुणांच्या फरकाने जिंकले. अंतिम चौघांच्या फेरीतला सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून क्लीव्हजची निवड झाली. पद्धतीप्रमाणे विजयी संघाने शिडीवर चढून जाळी कापून घेतली. क्लीव्हजच्या डोळ्यांतून तेव्हा घळघळा अश्रू वाहत होते.

ही हकीकत जिथे जिथे सांगितली जाते, तिथे लंगडत परत आलेल्या कप्तानाचे चित्र पुढे असते. ते चित्र खोटे नाही. त्याच्या परतण्याने सहकाऱ्यांना हुरूप आला असेलच. पण माझे म्हणणे असे की त्या रात्रीची खरी गोष्ट तो परतला ही नसून, तो नव्हता ती साडेचार मिनिटे आहेत. अजिंक्यपद तिथे राखले गेले. आणि त्या साडेचार मिनिटांची तयारी झाली होती तेरा सामन्यांत, ज्यांतले चार हरले होते. राइट स्टेटकडून खाल्लेली हार ही त्या विद्येची फी होती. ती डिसेंबरात भरली, म्हणून एप्रिलमध्ये परीक्षेला बसता आले.

हा प्रकार एकदाच घडला असे नाही. व्यावसायिक बास्केटबॉलमधले एक प्रसिद्ध उदाहरण देतो. १९७० साली न्यू यॉर्क निक्स आणि लॉस एंजेलिस लेकर्स यांच्यात अजिंक्यपदाची सात सामन्यांची मालिका चालू होती. पाचव्या सामन्यात निक्सचा कप्तान विलिस रीड याच्या मांडीला जबर दुखापत झाली. त्याच्याशिवाय त्याचे सहकारी मोठ्या पिछाडीवरून उसळून आले आणि तो सामना जिंकले. सातव्या सामन्याला, ८ मे रोजी, रीड लंगडत मैदानात आला. पहिल्याच दोन प्रयत्नांत त्याने दोन बास्केट केल्या आणि प्रेक्षागृह दणाणून गेले. आजही लोक त्या सामन्याला रीडचाच सामना म्हणतात. पण रीडचे त्या दिवशीचे एकूण गुण किती? फक्त चार. वॉल्ट फ्रेझर या गार्डने मात्र ३६ गुण आणि १९ असिस्ट केले होते. निक्स ११३-९९ असे जिंकले. रीडचे धैर्य मोठेच होते. परंतु धैर्याने दार उघडले असेल, तर घर फ्रेझरने सावरले. आपल्या आठवणीत जो लंगडतो तो राहतो, जो भार वाहतो तो विसरला जातो. ही आपल्या सगळ्यांचीच सवय आहे आणि ती बदलायला हवी.

येथे एक इशारा देणे मला आवश्यक वाटते. दुखापत झाल्यावरही खेळत राहावे, असा बोध कोणी यातून घेऊ नये. क्लीव्हजचा घोटा तिथल्या तिथे जाणकारांनी तपासला होता, आणि ती त्याच्या महाविद्यालयीन आयुष्यातली शेवटची पंचवीस मिनिटेही उरली नव्हती. आपल्या मैदानांवर बहुतेक वेळा डॉक्टर नसतो. पाय मुरगळला तर त्याच क्षणी बाहेर यावे, विश्रांती घ्यावी, बर्फ लावावा, घट्ट पट्टी बांधून पाय उंच ठेवावा आणि सूज वा वेदना राहिली तर डॉक्टरांना दाखवावे. हंगामाच्या तोंडावर हाडाला तडा गेला तेव्हा खुद्द क्लीव्हजही तेरा सामने बाहेर बसला होता, हे विसरू नका. त्या वेळी हट्टाने उतरला असता तर एप्रिल उजाडलाच नसता.

शिवाय यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. जायबंदी माणसाला सावकाश बरे होऊ द्यायचे असेल, तर मागे उभे राहणारे कोणीतरी असावे लागते. संघ जर त्या साडेचार मिनिटांत ढासळला असता, तर आतल्या खोलीत पाय तपासण्याची तरी सवड मिळाली असती का? "लवकर बाहेर आणा" असाच धोशा लागला असता. दुसरी फळी भक्कम असणे ही म्हणून कप्तानावर केलेली दयाच आहे. ज्या घरात एकच मिळवता असतो त्या घरात त्याला आजारी पडायचीही सोय नसते. संघाचेही तेच.

आता प्रश्न असा की दुसरी फळी तयार होते कशी? या हकीकतीवरून मला तीन गोष्टी दिसतात.

पहिली अशी की, तयार नसलेल्याला तयार होण्याआधीच संधी द्यावी लागते. चार्ली बेल पॉइंट गार्डचे काम शिकून मग मैदानात उतरला नाही. उतरला आणि शिकला. त्या शिकण्यापायी काही सामने जातात. ज्या प्रशिक्षकाला, ज्या संस्थेला एकही सामना गमावायची तयारी नसते, ती नेहमी त्याच पाचांना खेळवत राहते आणि एक दिवस त्यांतला एक पडला की सगळाच खेळ संपतो.

दुसरी गोष्ट सरावाची. इझो यांच्या सरावाविषयी एक गोष्ट प्रसिद्ध आहे. कड्यावरून उसळून आलेला चेंडू पकडण्याच्या सरावात ते मुलांना अमेरिकन फुटबॉलची चिलखतासारखी गादीदार अंगत्राणे आणि शिरस्त्राणे घालून एकमेकांवर सोडत. बाहेरच्याला हे विचित्र वाटेल. पण हेतू सरळ होता. सामन्यात जेवढा मार बसेल त्याहून अधिक सरावात सोसलेला असावा. आणि तो सोसण्यात पहिला-दुसरा, बाकावरचा-मैदानातला असा भेद नसावा. बाकावर बसणाऱ्याने रोजच्या सरावात कप्तानाला अडवलेले असले, तर अंतिम सामन्यात समोर कोण आहे याची त्याला धास्ती वाटत नाही.

तिसरी गोष्ट कप्तानाची. ज्याच्या हातून सगळे होते, त्याने दुसऱ्याच्या हातून होऊ द्यायला शिकले पाहिजे. वीस असिस्ट देणारा कप्तान मैदानाबाहेर गेला तरी त्याचे पास मैदानातच राहतात, कारण घेणाऱ्यांना चेंडू घेण्याची आणि जबाबदारी घेण्याची सवय लागलेली असते. उलट, जो चेंडू सोडतच नाही तो गेला की बाकीचे चौघे बघे होतात. मघाशी मी बच्चू खान यांच्या नावाच्या मैदानाचा उल्लेख केला. शिकवणारा माणूस जन्मभर हेच करत असतो. स्वतःच्या हातातला चेंडू दुसऱ्याच्या हातात देत असतो. म्हणून त्याचे नाव मैदानाला शोभते.

विद्यार्थी मित्रहो, आज इथे काही जणांना ढाली आणि चषक मिळाले. त्यांचे मी मनापासून अभिनंदन करतो. परंतु सभागृहात मागे बसलेल्या, ज्यांना आज काहीच मिळाले नाही, त्यांच्याशीही मला बोलायचे आहे. तुमच्यात कोणी राखीव खेळाडू असेल, ज्याने वर्षभर गणवेश धुऊन घातला आणि बाकावरच बसून राहिला. कोणी प्रयोगशाळेत, वक्तृत्व मंडळात, स्नेहसंमेलनाच्या समितीत दुसऱ्या क्रमांकावर काम करणारी असेल. तुम्हाला वाटत असेल, आपण असलो काय आणि नसलो काय. हा हिशेब चुकीचा आहे. तुमची मिनिटे कधी येतील हे आधी कळत नाही, आणि ती येतात तेव्हा तयारीला वेळ नसतो. चार्ली बेलने त्या रात्री आत जाऊन पुस्तक उघडले नाही. जे होते ते हातात होते.

आणि जे पुढे आहेत, ज्यांच्याकडे आज सगळे पाहतात, ते विद्यार्थी असोत, प्राध्यापक असोत वा संस्थेचे आम्ही वडीलधारे असोत, त्यांनी स्वतःला एकच प्रश्न विचारावा. उद्या मी साडेचार मिनिटे नसलो, तर आघाडी टिकेल का? उत्तर "नाही" असे आले, तर त्यात मोठेपणा मानू नये. "माझ्यावाचून इथले पान हलत नाही" असे म्हणणाऱ्याला लोक कर्तबगार समजतात. मला ते अर्धवट राहिलेल्या कामाचे लक्षण वाटते. आपल्या मागे दोन माणसे उभी करणे हाही कामाचाच भाग आहे, आणि बहुधा तोच अवघड भाग आहे.

पुढच्या हंगामात तुमचा संघ मैदानात उतरेल तेव्हा जिंका किंवा हरा, पण बाकावरच्या प्रत्येकाला मैदानावरची माती लागू द्या. एखादा सामना त्यापायी गेला तर जाऊ द्या. त्याची नोंद पराभवाच्या रकान्यात होईल, पण जमा होईल ती दुसऱ्याच खात्यात.